पंचगंगा-कृष्णेचा महापूर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुलै लागला की कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसांच्या बोलण्यात फूट आणि इंच येतात. पुण्या-मुंबईला असलेली मुलं गावी फोन करून पहिलं विचारतात, "पाणी कुठवर आलंय?" त्यानंतर जे प्रश्न येतात, तेच इथे घेतले आहेत. काही उत्तरं दोन ओळींची आहेत, काही लांबली आहेत. धरणं आणि कर्नाटकातलं कृष्णेवरचं अलमट्टी धरण यांवरची उत्तरं मुद्दाम सविस्तर दिली आहेत, कारण सगळ्यात जास्त वाद आणि सगळ्यात जास्त अफवा तिथेच असतात.

पंचगंगेचं खोरं म्हणजे नेमका कुठला भाग?

कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या चार नद्या सह्याद्रीच्या कड्याजवळ उगम पावतात. पाचवी सरस्वती गुप्त मानली जाते. कुंभी आणि तुळशी आधीच भोगावतीला मिळालेल्या असतात. प्रयाग चिखलीजवळ कासारी येऊन मिळते आणि तिथून पुढे नदीला पंचगंगा म्हणतात. कोल्हापूर, शिरोली, रुई, इचलकरंजी, शिरोळ असा सुमारे ८० किलोमीटरचा प्रवास करून ती नृसिंहवाडीला कृष्णेत जाते. सगळं खोरं सुमारे २,६०० चौरस किलोमीटरचं आहे.

पण पूर समजून घ्यायचा तर कृष्णेला सोडून चालत नाही. ती जुन्या महाबळेश्वरहून निघते. कराडला तिला कोयना मिळते, ब्रह्मनाळजवळ येरळा, सांगलीला लागून असलेल्या हरिपुराला वारणा आणि नृसिंहवाडीला पंचगंगा. पुढे कर्नाटकाच्या हद्दीत दूधगंगाही येते. घाटातून आलेलं बहुतेक सगळं पाणी सांगली ते शिरोळ या टापूत एकमेकांना भेटतं. या भागाच्या पुराचं अर्धं कारण या नकाशातच आहे.

आमच्याकडे ऊन पडलंय, मग पाणी का चढतंय?

कारण पाऊस पश्चिमेला पडतो आणि पूर पूर्वेला येतो. गगनबावड्यात वर्षाला सरासरी पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस होतो. तिथून पन्नास-पंचावन्न किलोमीटर पूर्वेला, कोल्हापूर शहरात, तो हजाराच्या आसपास येतो. शिरोळ तालुक्यात पाच-सहाशेवर उतरतो. एकाच जिल्ह्यात एका टोकाला भाताची चिखलणी चालू असते आणि दुसऱ्या टोकाला लोक पावसाची वाट बघत असतात.

त्यामुळे कुरुंदवाड, आलास, बुबनाळ, खिद्रापूर या गावांत कित्येकदा आभाळ मोकळं असतं आणि पाणी शिवारात घुसतं. आपल्या अंगणातला पाऊस बघून पुराचा अंदाज करू नये. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, चांदोली, कोयनानगर आणि महाबळेश्वर इथे किती पडला ते बघावं.

एक हिशेब करून बघा. पंचगंगेच्या खोऱ्याचा निम्म्याहून थोडा कमी भाग, म्हणजे १,२०० चौरस किलोमीटर धरा. त्यावर दिवसात २०० मिलिमीटर पाऊस पडला. हे पाणी २४ कोटी घनमीटर होतं, म्हणजे साडेआठ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट). राधानगरी धरणाची पूर्ण क्षमता ८.३६ टीएमसी आहे. जमीन महिनाभर भिजून तृप्त झालेली असेल, तर यातला बहुतेक वाटा मुरत नाही. तो ओढ्या-नाल्यांनी थेट नदीत येतो. घाटात असा २०० मिलिमीटरचा दिवस काही अपूर्वाईचा नाही.

घाटात एवढा पाऊस पडण्याचं कारण काय?

उन्हाळ्यात आशिया खंडाची जमीन तापते आणि तिच्यावर हवेचा दाब उतरतो. दक्षिण गोलार्धातून निघालेले वारे विषुववृत्त ओलांडतात, आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ वळतात आणि अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन आपल्याकडे येतात. सोमालियाच्या बाजूला हे वारे दीडेक किलोमीटर उंचीवर फार वेगाने वाहतात, त्याला सोमाली झोत म्हणतात. कोकणाची पट्टी अरुंद. ती ओलांडली की समोर हजार मीटरच्या आसपास उंचीचा सह्याद्री उभा. हवेला वर चढण्यावाचून वाट नसते. वर चढली की ती गार होते आणि बाष्प पाऊस होऊन कोसळतं. घाटमाथा ओलांडून पूर्वेला उतरताना हवेत फारसं काही उरलेलं नसतं.

हे दरवर्षीचं झालं. महापूर मात्र दरवर्षी येत नाही. त्यासाठी काही गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात. दक्षिण गुजरातपासून केरळपर्यंत किनाऱ्याला समांतर कमी दाबाचा पट्टा तयार होतो. मान्सूनची आस, म्हणजे राजस्थानापासून बंगालच्या उपसागरापर्यंत पसरलेला कमी दाबाचा पट्टा, नेहमीच्या जागेवरून दक्षिणेला सरकते. त्याच सुमारास बंगालच्या उपसागरात, बहुधा ओडिशाच्या किनाऱ्याजवळ, कमी दाबाचं क्षेत्र बनतं. ते पश्चिम-वायव्येकडे सरकत जातं आणि अरबी समुद्रावरचे पश्चिमी वारे आणखी जोराने ओढून घेतं. मग घाटात पावसाची धार चार-चार, पाच-पाच दिवस तुटत नाही.

पुरासाठी एका दिवसाचा विक्रमी पाऊस तितका घातक नसतो, ही न तुटणारी धार जास्त घातक. म्हणून ओडिशाजवळ काही शिजतंय अशी बातमी आली की कोल्हापूरकराने कान टवकारावेत. एरवी ती बातमी आपल्या कामाची वाटत नाही, पण २०१९ च्या ऑगस्टात नेमकं तेच घडलं होतं. ७ ऑगस्टला उपसागरातली कमी दाबाची तीव्र प्रणाली ओडिशाच्या किनाऱ्यावर आली, तेव्हा इकडे घाटात पाऊस कोसळत होता.

म्हणजे चक्रीवादळामुळे पूर येतो असं म्हणायचं का?

नाही. चक्रीवादळं आपल्याकडे मान्सूनच्या आधी आणि नंतर येतात, मे-जूनमध्ये किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. ऐन पावसाळ्यात खालच्या आणि वरच्या थरातले वारे इतक्या वेगवेगळ्या दिशांनी वाहतात की चक्रीवादळाचा उभा खांब टिकत नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्याजवळून गेलं, ३ जून २०२० ला निसर्ग रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. झाडं, पत्रे, आंबा, नारळी-पोफळी यांचं नुकसान झालं, पण पंचगंगेला महापूर आला नाही. जमीन तहानलेली होती आणि नदीचं पात्र रिकामं होतं.

ऑक्टोबर मात्र वेगळा. ऑक्टोबर २०२० मध्ये उपसागरातली प्रणाली आंध्रच्या किनाऱ्यावरून आत शिरली आणि थेट सोलापूर जिल्ह्यापर्यंत आली. पंढरपुरात चंद्रभागेला पूर आला. परतीच्या पावसात कोरडवाहू तालुक्यांनाही धोका असतो, आणि त्या वेळी धरणं भरलेली असतात.

वळवाच्या पावसाने नदीला पूर का येत नाही?

वळीव तासा-दोन तासांचा असतो आणि थोड्या भागावर पडतो. उन्हाने तापलेली हवा उभी चढते, ढग गडगडतात, गारा पडतात, एका शिवारात पाणी साचतं आणि शेजारचं शिवार कोरडं राहतं. ओढ्याला लोंढा येऊ शकतो, आणि ओढ्यात गाडी घालणाऱ्याचा त्यात जीवही जातो. पण नदीचं सगळं खोरं एकाच वेळी भिजत नाही.

सगळ्यात धोक्याचा काळ कोणता?

२० जुलै ते २० ऑगस्ट. जुन्या हिशेबात पुष्य आणि आश्लेषा ही नक्षत्रं. पुनर्वसूच्या पावसाला आपल्याकडे तरणा पाऊस म्हणतात, पुष्याला म्हातारा आणि आश्लेषाला आसळका. २०२१ चा पूर म्हाताऱ्या पावसाचा, २०१९ चा आसळकाचा. मृग-आर्द्रात जमीन भिजते, पुनर्वसूत धरणं भरू लागतात आणि त्यापुढे पडेल ते पाणी वाहूनच जायचं असतं.

३९ फूट, ४३ फूट हे आकडे कशाचे?

कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावरच्या पाणीपातळीचे. ३९ फूट ही पंचगंगेची इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी. सांगलीत १९२९ साली उभारलेल्या आयर्विन पुलावर मोजतात. तिथे इशारा ४० फुटांवर, धोका ४५ फुटांवर.

त्याआधीची खूण म्हणजे बंधारे. पंचगंगेवर शिंगणापूर, राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड आणि शिरोळ असे सात कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. खांबांच्या खाचांत बरगे, म्हणजे फळ्या, घालून उन्हाळ्यात पाणी अडवतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर बरगे काढून घेतात. बरगे काढायला उशीर झाला तर पहिल्याच पाण्याला झाडाझुडपांचा कचरा त्यात अडकतो आणि बंधाऱ्याच्या बाजूचा काठ तुटतो. बंधारा पाण्याखाली गेला म्हणजे पूर आला असं नव्हे, दर पावसाळ्यात ते बुडतातच. पण त्यावरून जाणारी वाट बंद होते, आणि पलीकडच्या गावांना पूर तिथूनच सुरू होतो.

क्युसेक आणि टीएमसी कसं समजून घ्यायचं?

क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. एक टीएमसी पाणी चोवीस तासांत सोडायचं तर सुमारे ११,५७४ क्युसेकने सोडावं लागतं. हा एक आकडा ध्यानात ठेवा, बातम्या आपोआप कळू लागतात. धरणातून एक लाख क्युसेक सोडलं म्हणजे दिवसाला साडेआठ टीएमसीच्या पुढे पाणी खाली आलं.

राधानगरीचे सगळे दरवाजे उघडले. आता शहरात पूर येणार का?

राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरलं की पाण्याच्या दाबाने ते आपोआप उघडतात आणि पातळी उतरली की मिटतात. त्यांना उघडायचं की नाही हे त्या क्षणी कोणी ठरवत नाही. एका दरवाजातून १,४२८ क्युसेक पाणी पडतं, म्हणजे सातांतून दहा हजाराच्या जवळ. वीजगृहातून जाणारं पाणी धरलं तर दिवसाला साधारण एक टीएमसी.

वरच्या प्रश्नात घाटातल्या एका दिवसाच्या पावसाचा हिशेब साडेआठ टीएमसी आला होता. आता तोलून बघा. राधानगरीचं पाणी भर घालतं, हे खरं. पण कासारी, कुंभी, तुळशीवरची धरणं लहान आहेत आणि त्यांच्या खालच्या मोकळ्या मुलखाचं पाणी अडवायला काहीच नाही. शाहू महाराजांनी हे धरण हाती घेतलं ते शेतीला पाणी मिळावं म्हणून. पूर थोपवण्याचं काम त्याच्याकडून अपेक्षितच नव्हतं, आणि तेवढं पोटही त्याला नाही. "सात दरवाजे उघडले" हा निरोप मोबाईलवर फिरू लागला की बाजारात धावपळ उडते. त्या वेळी दरवाजांची संख्या मोजण्यापेक्षा गगनबावड्याचा पाऊस आणि राजाराम बंधाऱ्याची पातळी दर तासाला किती इंच वाढते, हे बघितलेलं बरं.

मग कोयनेचं काय? धरणं आधीच रिकामी का ठेवत नाहीत?

कोयनेची गोष्ट निराळी. तिची क्षमता १०५.२५ टीएमसी आहे, वारणेची ३४.४०, दूधगंगेची २५.३९. ही धरणं रिकामी असतील तर पूर खरोखर कमी करू शकतात आणि भरलेली असतील तर नाइलाज होतो. २०१९ मध्ये ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कोयना भरत आलेली होती आणि विसर्ग लाख क्युसेकच्या वर न्यावा लागला. तिथून सोडलेलं पाणी सांगलीला पोहोचायला साधारण दिवस-दीड दिवस लागतो.

अडचण अशी की याच पाण्यावर वर्षभराची वीज, पिण्याचं पाणी आणि ऊस उभा असतो. जुलैत जागा राखून ठेवली आणि ऑगस्टात पावसाने पाठ फिरवली, तर मे महिन्यात त्याच अधिकाऱ्याला जाब विचारला जातो. २०१९ चा जून असाच कोरडा गेला होता, तेव्हा धरण भरतंय याचा सगळ्यांना आनंदच झाला होता. तरीही माझं मत आहे की जुलैअखेर किती जागा मोकळी ठेवायची, हे धरणनिहाय वेळापत्रक आधीच जाहीर व्हावं आणि ते पाळलं की नाही हे लोकांना रोज दिसावं. चार दिवसांचा पावसाचा अंदाज आता बऱ्यापैकी मिळतो. त्यावर आधी थोडं-थोडं पाणी सोडणं जमण्यासारखं आहे. दिवसा सोडलेलं तीस हजार क्युसेक रात्री अचानक सोडलेल्या लाखापेक्षा केव्हाही परवडतं.

"पाण्याला फूग आली" असं शिरोळकडची माणसं म्हणतात, ते काय?

पंचगंगेला कृष्णेत जायचं असतं, पण कृष्णाच दुथडी भरून वाहत असते. मग पंचगंगेचं पाणी पुढे सरकत नाही, मागे तुंबतं. हीच फूग. वारणेचं हरिपुराला तसंच होतं. सांगलीपासून पुढे नदीला उतार फार थोडा आहे, वळणं पुष्कळ आहेत आणि सगळा मुलूख परातीसारखा सपाट आहे. तिथे पाणी वाहतं त्यापेक्षा पसरतं जास्त, आणि एकदा पसरलं की दिवसचे दिवस हलत नाही. घाटातला पाऊस थांबल्यावरही शिरोळ तालुक्यात पाणी वाढत राहतं ते यामुळे.

शहरांतही हेच लहान प्रमाणात घडतं. कोल्हापुरात जयंती नाला एरवी पंचगंगेला मिळतो. नदी चढली की पाणी नाल्यातून उलटं शहरात शिरतं. नदीपासून लांब राहणाऱ्या माणसाच्या दारात पाणी येतं ते असं मागच्या वाटेने.

नृसिंहवाडीला या चढत्या पाण्याशी लोकांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं नातं आहे. कृष्णेचं पाणी दत्तमंदिरात उत्तरेकडून शिरतं, पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडतं. तो दक्षिणद्वार सोहळा. त्या पाण्यात स्नान करायला रात्री-अपरात्री माणसं येतात. पाणी आणखी चढलं की उत्सवमूर्ती वरच्या बाजूला नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात, आणि महापूर आलाच तर टेंबे स्वामींच्या मठात. देव कुठे हलवला यावरून पुराची पातळी सांगणारी माणसं तिथे अजून आहेत.

महापूर अलमट्टीमुळे येतो का?

हा प्रश्न भावनेचा झाला आहे, म्हणून आधी माहिती. अलमट्टी कर्नाटकात, नदीच्या वाटेने सांगलीच्या खाली दोनशे किलोमीटरहून अधिक अंतरावर आहे. क्षमता सुमारे १२३ टीएमसी, पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून ५१९.६ मीटर. मध्ये हिप्परगीचा बंधारा आहे. २०१९ च्या पुरानंतर राज्य सरकारने जलसंपदा खात्याचे निवृत्त सचिव नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. २०२० मध्ये तिचा अहवाल आला. अलमट्टीच्या फुगवट्यामुळे महापूर आला, या म्हणण्याला समितीने दुजोरा दिला नाही. अतिवृष्टी, नदीची ठेवण आणि पूरक्षेत्रातली बांधकामं यांवर तिने बोट ठेवलं.

दुसरी बाजूही ऐकण्यासारखी आहे. शिरोळ आणि मिरज तालुक्यांतले अनेक शेतकरी आणि काही अभ्यासक सांगतात की अलमट्टी झाल्यापासून पाणी ओसरायला जास्त दिवस लागतात, गाळ साचून पात्र उथळ झालं आहे आणि अहवालात या गोष्टीला पुरेसा न्याय मिळालेला नाही. धरणाची उंची ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्याचा कर्नाटकाचा प्रस्ताव आहे. कृष्णा पाणीवाटप लवादाने २०१० मध्ये त्याला परवानगी दिली, आणि त्याला इकडून जोरदार विरोध आहे. उंची वाढवण्याआधी पुराच्या वेळच्या फुगवट्याचा नव्याने, दोन्ही राज्यांना मान्य होईल असा अभ्यास व्हावा ही मागणी रास्तच आहे.

पण २०१९ मध्ये अलमट्टीतून पाच लाख क्युसेकच्या वर पाणी सोडलं जात होतं आणि तरीही सांगली बुडाली. आणि कोल्हापूरचं काय? पंचगंगेच्या पाण्याने शहर वेढलं त्याला अलमट्टी कारण होती असं मला वाटत नाही. अलमट्टीकडे बोट दाखवणं सोपं, कारण ती दुसऱ्या राज्यात आहे. नदीकाठचा भराव आपल्याच गावात असतो, टाकणारा ओळखीचा असतो.

पूर्वीही असे पूर यायचे का?

यायचे. हयात माणसांच्या आठवणीत १९८९ चा पूर ठळक आहे. प्रयाग चिखली आणि आंबेवाडी पाण्याखाली गेली, त्यानंतर सोनतळीला पुनर्वसनासाठी जागा देण्यात आल्या. त्या काळी यांत्रिक बोटी नव्हत्या. गुऱ्हाळावरच्या काहिली पाण्यात सोडून त्यातून माणसं बाहेर काढली. गूळ आटवायची ती रुंद, बसक्या बुडाची कढई चांगली तरंगते, पण वल्हवायला अवघड आणि प्रवाहात गरगर फिरते.

मग २००५. २६ जुलैला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो सगळ्यांना आठवतो. त्याच पावसाच्या पाठोपाठ कृष्णा-पंचगंगेलाही महापूर आला. सांगलीत पाणी ५३ फुटांच्या वर गेलं. लगेच २००६ मध्ये पुन्हा पूर. तेव्हा लोक म्हणाले, यापेक्षा वर पाणी जात नाही. त्या भरवशावर अनेकांनी घराचं जोतं २००५ च्या खुणेच्या वीतभर वर धरलं. २०१९ ने तो भरवसा मोडला.

२०१९ आणि २०२१ च्या पुरांत फरक काय?

२०१९ चा पूर दिवसांचा होता, २०२१ चा तासांचा.

२०१९ मध्ये जुलैच्या अखेरीपासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत पाऊस थांबला नाही आणि धरणं भरत आलेली होती. राजाराम बंधाऱ्यावर पाणी साडेपंचावन्न फुटांच्या आसपास गेलं, आयर्विन पुलावर ५७ फुटांच्या पुढे. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग जवळजवळ आठवडाभर बंद राहिला. दूध, भाजी, पेट्रोल, गॅस सगळं अडकलं. कोल्हापूरला पाणी पुरवणारी उपसा केंद्रं बुडाली आणि पुराने वेढलेल्या शहरात नळ कोरडे पडले. ८ ऑगस्टला ब्रह्मनाळला गावकऱ्यांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि बायका-मुलांसह अनेकांचा जीव गेला. ती बोट क्षमतेपेक्षा जास्त भरली होती, कारण पुढची बोट येईल याची खात्री कोणालाच नव्हती. त्या एका गोष्टीसाठी तरी प्रत्येक पूरप्रवण गावात पावसाळ्याआधी पुरेशा बोटी आणि लाइफ जॅकेट पोहोचायलाच हवीत.

२०२१ मध्ये सगळं २२ आणि २३ जुलैला झालं. महाबळेश्वरला २३ जुलैच्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. हवामान खातं २०४.५ मिलिमीटरलाच अत्यंत मुसळधार म्हणतं. त्याच पावसात चिपळूण बुडालं आणि महाड तालुक्यात तळीये गावावर डोंगर आला. कोल्हापुरात पाणी ५६ फुटांच्या वर, म्हणजे २०१९ पेक्षाही चढलं. सांगलीत मात्र ते ५५ फुटांच्या आसपास थांबलं. जुलैत कोयनेत जागा शिल्लक होती, तिने बरंच पाणी पोटात घेतलं. पंचगंगेला असं मोठं पोट नाही. दोन पूर शेजारी ठेवले की धरणं कुठे उपयोगी पडतात आणि कुठे नाही, हे लख्ख दिसतं.

निळी रेषा, लाल रेषा म्हणजे काय? शंभर वर्षांचा पूर शंभर वर्षांनीच येतो का?

सरासरी २५ वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची हद्द म्हणजे निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची हद्द म्हणजे लाल. नदी आणि निळी रेषा यांमधल्या पट्ट्यात बांधकामाला मनाई असते, निळी आणि लाल यांच्या मध्ये अटी असतात.

शंभर वर्षांचा पूर म्हणजे कोणत्याही एका वर्षी तो येण्याची शक्यता शंभरात एक. यंदा आला म्हणून पुढच्या वर्षी ती कमी होत नाही. तुम्ही लाल रेषेच्या कडेला घर घेतलं आणि तीस वर्षं राहिलात, तर त्या काळात एकदा तरी तो पूर बघण्याची शक्यता २६ टक्के आहे. निळ्या रेषेच्या कडेला ती ७० टक्क्यांवर जाते. घराचं कर्ज फिटायच्या आत घर बुडण्याचीच शक्यता जास्त, असा त्याचा अर्थ. हे आकडेही जुन्या नोंदींवर काढलेले असतात. दोन वर्षांच्या अंतराने दोन विक्रमी पूर आल्यावर त्या नोंदी नव्याने मांडायलाच हव्यात.

भराव आणि रस्ते यांनी पूर वाढतो का?

वाढतो. पूरक्षेत्रात भराव टाकला की तेवढ्या जागेतलं पाणी दुसऱ्याच्या दारात जातं. महामार्गाचा उंच बांध नदीच्या वाटेत आडवा आला आणि मोऱ्या कमी ठेवल्या, तर वरच्या अंगाला पाणी तुंबतं. म्हणून शिरोली आणि केर्ली परिसरात मातीच्या भरावाऐवजी खांबांवर रस्ता न्यावा अशी मागणी आहे. ती मान्य व्हायला हवी. खर्च जास्त येतो, पण दर पुराला महामार्ग बंद पडण्याचा खर्चही कुणीतरी भरतच असतं.

हवामान बदलामुळे हे वाढलंय का?

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले संशोधक रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये मांडलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात, ज्यात महाराष्ट्र येतो, मोठ्या भागावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. अरबी समुद्र तापतो आहे आणि तिकडून येणाऱ्या बाष्पात चढउतार वाढले आहेत. एकूण पाऊस तेवढाच राहूनही तो कमी दिवसांत पडला, तर नदीला तो पेलत नाही.

पुरात बुडालेला ऊस वाचतो का?

शेंडा वर राहिला असेल तर बऱ्याचदा वाचतो. पाणी शेंड्यावरून गेलं आणि पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या गाभ्यात, गाळ बसला की आशा सोडावी. पाणी उतरल्यावर ऊस लांबून हिरवा दिसतो. जवळ जाऊन पोंगा ओढला की तो हातात येतो, बुडाशी कुजलेला असतो आणि वास मारतो. मग कांड्यांवरचे डोळे फुटतात आणि वजन घटतं. पंचनामा लवकर करून घ्या, फोटोत गट क्रमांकाची खूण आणि पाण्याची रेष दोन्ही येऊ द्या.

पाणी उतरलं. घरात लगेच जावं का?

वीज मंडळाच्या माणसाने तपासल्याशिवाय मेन स्विच चालू करू नका. मातीच्या भिंती पाण्यात उभ्या राहतात आणि ऊन पडल्यावर ढासळतात, तेव्हा पहिले काही दिवस त्यांच्या कडेला झोपू नका. अडगळीत साप असतात. पाणी उकळूनच प्या.

आमच्या घरापर्यंत पाणी किती फुटांना येतं, हे कसं कळेल?

गावात २०१९ आणि २०२१ च्या खुणा शाळेच्या, देवळाच्या, ग्रामपंचायतीच्या भिंतींवर बहुधा सापडतात. १९८९ आणि २००५ साठी म्हाताऱ्या माणसांना विचारा. पूररेषेचे नकाशे पाटबंधारे कार्यालयात आणि नगररचना विभागात बघायला मिळतात. राजाराम बंधाऱ्यावर किंवा आयर्विन पुलावर किती फूट असताना तुमच्या उंबऱ्याला पाणी लागलं, तो आकडा शोधून घरात लिहून ठेवा. शेजारच्या गल्लीचा आकडा वेगळा असेल. दुसरा आकडा रस्त्याचा: किती फुटांवर गावाबाहेर पडायची वाट बंद होते. बहुतेक ठिकाणी घराआधी वाट बुडते, म्हणून म्हातारी माणसं, बाळंतीण आणि जनावरं हलवायची वेळ या दुसऱ्या आकड्यावर ठरवा. भाड्याने राहत असाल तर घरमालकाला आणि शेजाऱ्यांना, दोघांनाही विचारा.